रास्सेरु: बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या नावाची गोष्ट

जपानमध्ये हिवाळी गिर्यारोहण करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘रास्सेरु’ हा शब्द सारखा येतो. कंबरेएवढा ताजा बर्फ साचलेला असतो, पायवाट पुरती बुजलेली असते. अशा वेळी सर्वांत पुढचा माणूस गुडघ्यांनी, मांड्यांनी, वेळ पडली तर छातीने बर्फ रेटत वाट पाडत जातो. या कामाला रास्सेरु करणे म्हणतात. काम इतके दमवणारे असते की थोड्या अंतरावर पुढचा माणूस बाजूला होतो, मागचा पुढे येतो आणि दमलेला गडी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. स्वतःची पाळी न घेता, दुसऱ्याने पाडलेल्या वाटेवरून आयता चालत येणारा कोणी असेल तर त्याच्यासाठीही शब्द आहे: ‘रास्सेरु दोरोबो’, म्हणजे रास्सेरु-चोर.

ऐकायला अगदी जपानी वाटणारा हा शब्द मुळात अमेरिकन आडनाव आहे. जपानी भाषेत ‘ल’ हा वर्ण नाही आणि शब्दाच्या शेवटी ‘न’ सोडला तर व्यंजन मोकळे राहत नाही. त्यामुळे ‘रसेल’चे ‘रास्सेरु’ झाले. पण एखादे आडनाव डोंगरातल्या कष्टाचे नाव कसे होते? तर मधे रेल्वे येते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रिजवे नावाचे गाव आहे. तिथे ‘रसेल कार अँड स्नो प्लाऊ कंपनी’ हा कारखाना होता. रुळांवर साचलेला बर्फ हटवणाऱ्या गाड्या बांधणे हा त्याचा धंदा. कायद्याच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. पहिल्या महायुद्धात सरकारने कोळशाचा भाव बांधून दिला होता आणि रसेल कंपनीने त्याच भावाने कोळशाचे पैसे चुकते केले. विकणाऱ्याने जास्त पैशांसाठी दावा लावला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९२९ मध्ये न्यायालयाने सरकारचा भाव ग्राह्य धरला. अमेरिकेत या कंपनीची आठवण आज असा एखादा खटला आणि रेल्वेच्या संग्रहालयांतल्या जुन्या गाड्या यांच्यापुरती उरली आहे. पॅसिफिकच्या पलीकडे मात्र तिचे नाव रोजच्या बोलण्यात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी रेल्वेने या बनावटीच्या गाड्या आणल्या आणि पुढे तशाच गाड्या देशात बांधायला घेतल्या. रसेल गाडीला स्वतःचे इंजिन नसते. एका मालडब्याच्या तोंडाला लोखंडाची भलीमोठी पाचर बसवलेली असते आणि त्या काळी मागून वाफेचे इंजिन तो डबा ढकलत नेई. एकेरी मार्गावरच्या गाडीची पाचर मधोमध टोकदार असते, म्हणजे बर्फ दोन्ही बाजूंना फेकला जातो. दुहेरी मार्गावर असे केले तर एका बाजूचा बर्फ शेजारच्या रुळांवर जाऊन पडेल. म्हणून तिथल्या गाडीचे तोंड तिरपे असते. जपानमध्ये आपल्यासारखीच गाड्यांची वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे ते सगळा बर्फ डावीकडे, बाहेरच्या बाजूला सारते.

पाचरीने बर्फ बाजूला झाला तरी काम संपत नाही. दोन रुळांच्या मधला बर्फ खरवडायला गाडीच्या पोटाखाली खाली-वर होणारे पाते असते. बाजूचा बर्फ आणखी दूर सारायला दोन्ही अंगांना दारासारखे उघडणारे पंख असतात. आता पुढे फाटक आले, पूल आला किंवा रुळांचे सांधे आले तर? पाते वर घ्यावे लागते, पंख मिटावे लागतात. नाहीतर पाते सांध्यात अडकून गाडी रुळांवरून उतरायची. हे काम करणारी माणसे पाचरीच्या मागे उंचावर बांधलेल्या केबिनमध्ये बसतात आणि दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा हाताळतात. पुढे काय आहे हे वेळीच कळावे म्हणून रुळांच्या कडेला खास पाट्या लावलेल्या असतात. मागच्या इंजिनाच्या चालकाला समोरचे जवळपास काहीच दिसत नाही, कारण पाचरीने उडवलेल्या बर्फाचा लोट सगळे झाकून टाकतो. पुढचा माणूस आणि मागचा चालक यांचे एकमेकांवर पूर्ण अवलंबून असणे, हे मला या यंत्रातले सर्वांत विलक्षण वाटते. रात्री, वादळात, समोरचे न दिसता, दुसऱ्याच्या इशाऱ्यावर इंजिन रेटायचे हे काम सोपे नव्हे.

जपानला याची इतकी गरज का पडावी? हा देश काही ध्रुवाजवळचा नाही. तोक्योत हिवाळाभर बहुधा कोरडे ऊन असते. पण पश्चिम किनाऱ्याचे गणित वेगळे आहे. हिवाळ्यात सायबेरियावरून थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावर येतात. या समुद्रातून दक्षिणेकडून आलेला उबदार प्रवाह वाहतो. थंड वारे त्या उबदार पाण्यावरून जाताना बाष्प उचलतात आणि किनाऱ्याला समांतर असलेल्या डोंगररांगांना धडकून ते सगळे बर्फाच्या रूपात टाकतात. आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेला मोसमी वारा सह्याद्रीला धडकून कोकणात जे करतो, तेच तिथे हिवाळ्यात घडते, फक्त पावसाऐवजी बर्फ पडतो. बर्फही ओला आणि जड. जानेवारी १९६३ मध्ये निइगाता प्रांतातल्या नागाओका शहरात तीन मीटरहून अधिक बर्फ साचला होता. गाड्या वाटेतच अडकून पडल्या, मार्ग दिवसेंदिवस बंद राहिले. ते शोवा सम्राटाच्या कारकिर्दीचे अडतिसावे वर्ष होते, म्हणून तिथले लोक त्या हिमवृष्टीला आजही ‘तीन-आठचा महाबर्फ’ म्हणतात.

अशा बर्फापुढे रसेल गाडीची एक मर्यादा लवकरच उघडी पडते. ती बर्फ बाजूला सारते, पण तो जातो कुठे? रुळांच्या दोन्ही कडांना. पुन्हा बर्फ पडतो, पुन्हा गाडी फिरते आणि कडेच्या भिंती उंच होत जातात. एक वेळ अशी येते की रूळ दोन भिंतींमधल्या चरात जातात आणि बर्फ सारायला जागाच उरत नाही. तेव्हा जपानी रेल्वे ‘किमारोकी’ बाहेर काढत असे.

किमारोकी हे नाव मला फार आवडते, कारण त्यात पूर्ण गाडीची जोडणी सांगून टाकली आहे. जपानीत इंजिनाला ‘किकान्शा’ म्हणतात, त्यातला ‘कि’. मग मॅकले गाडीचा ‘मा’. मग रोटरीचा ‘रो’. शेवटी दुसऱ्या इंजिनाचा पुन्हा ‘कि’. पहिले इंजिन मॅकले गाडीला ओढत नेते. या गाडीचे दोन लांब पंख कडेच्या भिंती पाडतात आणि तो बर्फ रुळांच्या मधे गोळा करतात, म्हणजे रसेलच्या अगदी उलट काम. तिच्या मागून येणारी रोटरी तो ढीग आपल्या फिरत्या चाकाने आत खेचते आणि वरच्या नळकांड्यातून दूर रानात भिरकावते. रोटरीलाही स्वतःचा बॉयलर आणि वाफेचे यंत्र असते, पण ते फक्त चाक फिरवण्यासाठी. तिला पुढे ढकलण्यासाठी सर्वांत मागे दुसरे इंजिन लागते. म्हणजे एका वेळी तीन बॉयलर पेटलेले, तिन्हींवर कोळसा टाकणारी माणसे, आणि वेग मात्र पायी चालणाऱ्याइतका मंद. होक्काइदो बेटावरच्या नायोरो शहरात बंद पडलेल्या जुन्या मार्गावर ही पूर्ण जोडणी, दोन वाफेच्या इंजिनांसकट, आजही जपून ठेवलेली आहे.

या रोटरीची जन्मकथा कॅनडातली. टोरोंटोतल्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दंतवैद्याने १८६९ मध्ये फिरत्या चाकाने बर्फ उपसण्याची कल्पना मांडली. ती कागदावरच राहिली. पुढे ऑन्टारिओतल्या ऑरेंज जुल याने ती उचलली आणि छोट्या प्रतिकृती करून त्यांवर वाळूचे प्रयोग केले, कारण बर्फ काही बाराही महिने हाताशी नसतो. १८८३-८४ च्या हिवाळ्यात टोरोंटोच्या लेस्ली बंधूंनी पूर्ण आकाराचे यंत्र बांधले आणि ते चालले.

जपानी रेल्वेच्या सरकारी कागदांत या सगळ्या गाड्यांना साधी देशी नावे आहेत. ‘युकिकाकी-शा’ म्हणजे बर्फ खरवडणारी गाडी. त्यातही फिरती, गोळा करणारी, रुंद अशी विशेषणे लावून प्रकार पाडले आहेत. नेमकी आणि समजायला सोपी अशी ही नावे. तरी स्थानकावरच्या माणसाने, वर्तमानपत्राने आणि शाळकरी मुलाने ती स्वीकारली नाहीत. त्यांच्या तोंडी ‘रास्सेरु’च राहिले. मला यात भाषेचा दोष दिसत नाही. जे यंत्र पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले, ते ज्या नावाने आले, त्या नावाने ओळखले जाणे हे अगदी साहजिक आहे. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हटले आणि छायाप्रतीला झेरॉक्स, ते असेच.

पण रास्सेरु त्याच्याही पुढे गेले. डालड्याचे कोणी क्रियापद केले नाही. जपानी गिर्यारोहकांनी मात्र रुळांवरची ती पाचर पाहिली आणि स्वतःच्या शरीराने तेच काम करताना तिचे नाव घेतले. यंत्राला माणसाच्या अवयवांची नावे देणे नेहमीचे आहे, आपण सुईला नाक दिलेच आहे. इथे उलट झाले, माणसाच्या कष्टाला यंत्राचे नाव मिळाले.

या शब्दाच्या मुळाशी जाताना एक फसगत टाळली पाहिजे. जपानी लिपीत अगदी असेच लिहिले जाणारे आणखी दोन शब्द आहेत. डॉक्टर छातीला नळी लावून जो खरखर आवाज ऐकतात त्यालाही तिथे ‘रास्सेरु’ म्हणतात. तो जर्मन वैद्यकातून आला, जर्मनमध्ये ‘रासेल्न’ म्हणजे खडखडणे. आणि यंत्रावर विणलेल्या एका जाळीदार कापडालाही रास्सेरु म्हणतात. त्या विणीचे ‘राशेल’ हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या राशेल या फ्रेंच अभिनेत्रीवरून पडले. छातीतली खरखर, लेसचे कापड आणि बर्फातली गाडी या तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. परके शब्द एकाच मोजक्या ध्वनींच्या चाळणीतून गाळले की असे जुळे जन्मतात. केवळ उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती जुळवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

रसेल कंपनी आपल्या यंत्राला जे म्हणत होती, ते ‘स्नो प्लाऊ’, म्हणजे बर्फाचा नांगर. हा शब्द १७९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या संदर्भात प्रथम सापडतो. खुद्द ‘प्लाऊ’ही इंग्रजीचा मूळचा शब्द नव्हे. जुन्या इंग्रजीत नांगराला ‘सुल्ह’ म्हणत. ‘प्लाऊ’ बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘प्लोग्र’वरून आला आणि त्याने जुन्या शब्दाला शेताबाहेर काढले. आपला ‘नांगर’ संस्कृत ‘लांगल’वरून आलेला आहे, आणि लांगल हा शब्दही संस्कृतने भारतातल्या आर्येतर भाषांकडून घेतला असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. जहाजाचा नांगर निराळा, तो फारसी ‘लंगर’वरून आला.

पण मराठी शेतकऱ्याला ‘बर्फाचा नांगर’ ही कल्पना चटकन पटणार नाही आणि त्याला कारण आहे. आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरतो, ती उलटवत नाही. युरोपातल्या नांगराला फाळाच्या मागे एक वळवलेले पाते जोडलेले असते. ते चिरलेली माती उचलते, पलटते आणि एका बाजूला टाकते. बर्फ सारणाऱ्या फळीचे काम नेमके तेच, म्हणून न्यू हॅम्पशायरच्या लोकांना नांगर आठवला. माती पलटणारा असा लोखंडी नांगर महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे जाते. त्यांनी १९०३ मध्ये बेळगावात तो तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना धास्ती होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. किर्लोस्करांच्या नांगराचे वळवलेले पाते ज्याने पाहिले आहे, त्याला रसेल गाडीचे तोंड समजावून सांगावे लागणार नाही.

न्यू हॅम्पशायर आणि आसपासच्या प्रदेशाबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे घोड्यांच्या काळात बर्फ सारखा हटवत नसत. हिवाळ्यात वाहतूक चाकांवरून नव्हे, घसरगाड्यांवरून होई, आणि घसरगाडीला रस्त्यावर बर्फ हवाच असतो. म्हणून गावे लाकडाचे अजस्र रूळ घोड्यांकडून फिरवून घेत आणि बर्फ दाबून घट्ट करत. छप्पर असलेल्या पुलांवर बर्फ पडत नसे, तेव्हा माणसे लावून पुलावर फावड्याने बर्फ पसरला जाई. मोटारी आल्या आणि हे सारे पालटले. जो बर्फ रस्ता होता, तोच अडथळा ठरला.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हे स्थित्यंतर फार स्पष्ट दिसते. तिथे व्हालकूर गावच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आंत्रपुच्छाच्या आजाराने गेला, कारण रस्ते बर्फाने बंद होते आणि त्याला इस्पितळात नेता आले नाही. बोंबार्दिए यांनी बर्फावरून धावणारी पट्ट्यांची गाडी तयार केली आणि ती रुग्णांना, टपालाला, शाळकरी मुलांना उपयोगी पडली. १९४८ मध्ये प्रांताने ग्रामीण रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवण्याचा कायदा केला आणि त्या गाड्यांची विक्री एकदम घसरली. रस्ते मोकळे करण्यासाठी हाताशी जे यंत्र होते, तेही क्वेबेकच्याच माणसाचे. आर्तुर सिकार हे शेतकरी कुटुंबातले. तरुणपणी मळणी यंत्र पाहून त्यांना सुचले की धान्याचा भुसा असा उडतो, तर बर्फ का नाही उडणार? ते यंत्र सिद्ध व्हायला १९२५ उजाडले आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रेमाँ नगरपालिकेने पहिले यंत्र घेतले. क्वेबेकची फ्रेंच भाषा त्याला ‘सुफ्लज’ म्हणते, म्हणजे फुंकणारी. खरे तर ते काही फुंकत नाही. मळसूत्री पाते बर्फ आत ओढते आणि फिरता पंखा तो भिरकावतो. तरी नाव मळणी यंत्राच्या पंख्याच्या कुळातले पडले. फ्रान्समध्ये ‘सुफ्लज’ म्हटले की रंगमंचाआडून नटाला विसरलेली वाक्ये पुरवणारी बाई डोळ्यांसमोर येते.

इतर भाषांची उदाहरणे थोडक्यात. नांगर म्हणणाऱ्यांत जर्मन आणि स्वीडिश आहेत. फ्रेंच सारणाऱ्या यंत्राला ‘शास-नेज’ म्हणते, बर्फाला हाकलणारा. इटालियनमध्ये तो झाडणारा आहे, स्पॅनिशमध्ये काढून टाकणारा. चेकमध्ये अशा यंत्राला ‘रोल्बा’ म्हणतात आणि पोलिशमध्ये बर्फाचे उतार सपाट करणाऱ्या यंत्राला ‘रात्राक’. ही दोन्ही स्विस व्यापारी नावे. म्हणजे रसेलसारखेच भाग्य आणखी काहींच्या वाट्याला आले. जर्मन नांगरही जपानला पोहोचला, पण वेगळ्या दाराने. स्की करताना दोन्ही पट्ट्यांची टोके जुळवून वेग कमी करण्याच्या पद्धतीला तिथे ‘पुरूकु’ म्हणतात, मूळ जर्मन ‘फ्लुग’, म्हणजे नांगर. एकाच डोंगरावर चढणारा अमेरिकन आडनाव उच्चारतो आणि उतरणारा जर्मन नांगर.

वाफेची इंजिने गेली तरी जपानमध्ये रास्सेरु टिकले. १९६७ पासून डिझेल इंजिनालाच पाचर जोडलेली ‘डीई-१५’ ही मालिका आली. होक्काइदोच्या उत्तर टोकाकडे जाणाऱ्या, २५९ किलोमीटर लांबीच्या सोया मार्गावर अलीकडच्या वर्षांपर्यंत हिवाळाभर ती धावत राहिली आणि तिची छायाचित्रे घ्यायला लांबून लोक येत. आता तिची जागा छोटी देखभाल-यंत्रे आणि नवी डिझेल वाहने घेत आहेत.

आपल्या देशात हे काम मुख्यतः रस्त्यांवर चालते. ११,६५० फुटांवरची झोजी ला खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद राही. आता सीमा सडक संघटनेची माणसे दोन्ही बाजूंनी बर्फ कापत येतात आणि खिंड महिन्या-दोन महिन्यांत खुली होते. त्यांच्या बोलण्यात डोझर आणि स्नो कटर हे शब्द आहेत. काश्मीर खोऱ्यातल्या रेल्वेगाड्यांच्या तोंडाशी असलेला जनावरे अडवणारा लोखंडी गार्ड बर्फ कापेल अशा आकाराचा बनवलेला आहे. लडाखमध्ये, काश्मीरमध्ये, सियाचिनच्या वाटेवर मराठी जवान आणि कामगार वर्षानुवर्षे बर्फ उपसत आले आहेत. आपसांत बोलताना ते त्या यंत्रांना आणि त्या कामाला काय म्हणतात, हे कोणत्याही मराठी शब्दकोशात नाही. आपल्या घरात, गावात असा कोणी असेल तर त्याला विचारा आणि त्याचे शब्द लिहून ठेवा.